एकशे एक सेकंद आणि ‘वैमानिकाची चूक’

१ जानेवारी १९७८ची रात्र. सांताक्रूझ विमानतळावरून एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान दुबईला निघालं. आत २१३ माणसं. विमानाने धावपट्टी सोडली, समुद्रावर आलं, थोडं उजवीकडे वळलं आणि वळण संपवून पुन्हा सरळ झालं. कॅप्टनच्या समोरचं एक यंत्र मात्र सांगत राहिलं की विमान अजून उजवीकडे कललेलंच आहे. ते खरं मानून कॅप्टनने विमान सावरायला डावीकडे कल दिला. मुळात सरळ असलेलं विमान डावीकडे झुकत गेलं, नव्वद अंशांच्याही पलीकडे झुकलं आणि उड्डाणानंतर १०१ सेकंदांनी वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. कुणीही वाचलं नाही.

बँडस्टँडच्या कठड्यावर बसून ज्या पाण्याकडे आपण बघतो, तिथेच हे घडलं. मुंबईत आयुष्य काढलेल्या कितीतरी लोकांना याची कल्पना नसते.

चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या: यंत्रातला बिघाड, आणि त्या बिघडलेल्या यंत्रावर विसंबून कॅप्टनने दिलेला चुकीचा कल. वर्तमानपत्री भाषेत याला ‘वैमानिकाची चूक’ म्हणतात. ते खोटं नाही. हजारो तास उडालेल्या माणसाने चालू स्थितीतलं विमान समुद्रात नेलं, हे खरंच आहे. पण मी गेली अनेक वर्षं अपघातांचे चौकशी अहवाल वाचतो आहे आणि दर वेळी मला वाटतं की ‘वैमानिकाची चूक’ हे दोन शब्द कानावर पडताच आपण पुस्तक मिटतो. खरा प्रश्न तिथून पुढे असतो. त्या क्षणी, त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ती चूक बरोबर का वाटली?

त्या रात्रीपुरतं याचं उत्तर बघू.

विमान सरळ आहे की कललेलं, हे दिवसा खिडकीतून कळतं. आकाश आणि जमीन जिथे मिळतात ती रेघ दिसते. अंधाऱ्या रात्री समुद्रावर ती रेघ नसते. वर काळं, खाली काळं. अशा वेळी वैमानिक ‘कृत्रिम क्षितिज’ दाखवणाऱ्या यंत्राकडे बघतो. त्यात वरचा अर्धा भाग निळा, खालचा तपकिरी आणि मधोमध विमानाची छोटी खूण. विमान जसं कलतं तशी मधली रेघ तिरकी होते. ‘एम्परर अशोक’मध्ये अशी तीन यंत्रं होती: एक कॅप्टनसमोर, एक सहवैमानिकासमोर, एक राखीव.

मग यंत्र खोटं बोलतंय हे शरीराला का कळलं नाही? कारण शरीर स्वतःच कच्चा साक्षीदार आहे. आपल्या कानाच्या आत तीन बारीक अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. आपण वळलो की नळी वळते, द्रव मागे राहतो, त्यातले केसासारखे तंतू वाकतात आणि मेंदूला वळल्याचं कळतं. वळण संथ आणि सलग असलं तर थोड्याच वेळात द्रवही नळीच्या वेगाने फिरू लागतो, तंतू सरळ होतात, आणि आपण वळत असूनही ‘सगळं स्थिर आहे’ असा निरोप मेंदूला जातो. याची उलट बाजू प्रत्येकाने अनुभवली आहे. फुगडी थांबली की जग उलट्या दिशेने गरगरतं. पाय जमिनीवर घट्ट असतात, तरी कान सांगतो की आपण फिरतोय. डोळेही असेच फसतात. दादरला थांबलेल्या लोकलमधून शेजारची गाडी सुटताना पाहिली की क्षणभर आपलीच गाडी मागे चाललीय असं वाटतं. फलाटाचा खांब दिसला की भ्रम तुटतो. त्या रात्री समुद्रावर खांब नव्हता.

कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात शेवटच्या सेकंदांची बोलणी आहेत. आपल्या यंत्राचं काहीतरी बिनसलंय हे कॅप्टनच्या लक्षात येतं. सहवैमानिक म्हणतो, माझंही पडलंय. त्याच्या यंत्रावर दिसणारा कल इतका अचाट असावा की तोच खरा आहे हे त्याच्या मनाने घेतलं नाही. इंजिनं आणि इतर यंत्रणांवर लक्ष ठेवणारा फ्लाइट इंजिनिअर बजावतो, त्या यंत्रावर जाऊ नका. तो बरोबर होता. पण दोन यंत्रं भांडत असताना तिसऱ्याकडे बघून खरं कोणतं हे ठरवायला शांत डोकं आणि थोडा वेळ लागतो. आपण आरामखुर्चीत बसून हे वाचायला त्या विमानाच्या अख्ख्या उड्डाणापेक्षा जास्त वेळ घेतला आहे.

माणसाचं शरीर, लक्ष, झोप, भीती, भिडस्तपणा आणि त्याच्या हाताखालच्या यंत्राची रचना या सगळ्यांचा एकमेकांशी कसा मेळ बसतो, किंवा बसत नाही, याचा अभ्यास करणारी एक शाखा आहे. विमान क्षेत्रातले लोक तिला ‘ह्यूमन फॅक्टर्स’ म्हणतात. मराठीत ‘मानवी घटक’ म्हणता येईल.

या अभ्यासाची एक सुंदर गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली आहे. अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरायची आणि मग धावपट्टीवर धावता धावता पोटावर बसायची. वैमानिकाने पंखांचे फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा, आत घ्यायच्या ऐवजी चाकंच आत घेतलेली असायची. सेनेच्या लेखी ही बेफिकिरी होती. अल्फोन्स चापानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तर चाकांचं आणि फ्लॅपचं नियंत्रण शेजारी शेजारी आणि दिसायला जवळपास सारखं. ज्या विमानांत ही रचना वेगळी होती तिथले वैमानिक ही चूक करत नव्हते. चापानिसने उपाय सुचवला तो अगदी साधा: चाकांच्या दांड्याला चाकाच्या आकाराची मूठ, फ्लॅपच्या दांड्याला फ्लॅपच्या आकाराची मूठ. अंधारातही हाताला कळेल. ती चूक जवळपास थांबली. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याच्या टोकाला छोटं गोल चाक असतं. वैमानिकांना ‘सावध राहा’ असं हजार वेळा बजावून जे झालं नसतं, ते एका मुठीने झालं. आपण पाहुण्यांच्या घरी पंखा लावायला जातो आणि दिवा लागतो, तेव्हा आपण बेफिकीर नसतो. बटणांचा बोर्डच काही सांगत नसतो.

रचना सुधारता येते. दोन माणसांमधलं नातं सुधारणं त्याहून अवघड आहे, आणि माझ्या मते कॉकपिटमधली सगळ्यात मोठी गुंतागुंत तिथेच आहे.

२७ मार्च १९७७, स्पेनच्या कॅनरी बेटांमधलं टेनेरिफ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटल्यामुळे बरीच विमानं या लहान विमानतळावर वळवली होती. जागा अपुरी, धुकं दाट, आणि धावपट्टी एकच. केएलएम या डच कंपनीचं ७४७ धावपट्टीच्या टोकाला जाऊन उड्डाणासाठी वळून उभं होतं. पॅन अॅम या अमेरिकी कंपनीचं ७४७ त्याच धावपट्टीवरून त्याच्याच दिशेने सावकाश येत होतं. दोघांना एकमेकांची विमानं दिसत नव्हती, टॉवरला दोन्ही दिसत नव्हती, आणि जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार तिथे नव्हतं.

केएलएमचे कॅप्टन साधे वैमानिक नव्हते. ते कंपनीच्या ७४७ प्रशिक्षणाचे प्रमुख होते, कंपनीच्या जाहिरातीत त्यांचा फोटो होता. आणखी उशीर झाला तर कामाच्या तासांची मर्यादा ओलांडली जाणार होती, मग प्रवाशांसकट मुक्काम. उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचं याची सूचना टॉवरने दिली. ती उड्डाणाची परवानगी नव्हती. सहवैमानिकाने ती परत वाचून दाखवली आणि शेवटी जे इंग्रजी वाक्य बोलला त्याचा अर्थ ‘आम्ही टेक-ऑफच्या जागी आहोत’ असाही होत होता आणि ‘आम्ही टेक-ऑफ करतोय’ असाही. बोलणारा डच, ऐकणारा स्पॅनिश. टॉवर म्हणाला, ‘ओके’, आणि क्षणभर थांबून सांगितलं की टेक-ऑफसाठी थांबा, मी बोलावतो. नेमक्या त्याच क्षणी पॅन अॅमच्या वैमानिकाने रेडिओवर सांगितलं की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन्ही आवाज एकमेकांवर चढले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ स्पष्ट पोचलं, पुढचं सगळं कर्कश शिट्टीत अडकलं.

विमान वेग घेऊ लागलं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. त्याने विचारलं की ते पॅन अॅम धावपट्टीवरून गेलंय ना? कॅप्टनने ठासून ‘हो’ म्हटलं. तो पुढे काही बोलला नाही. काही सेकंदांत ५८३ माणसं गेली. विमान वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात इतकी माणसं कधीच गेलेली नाहीत.

त्या फ्लाइट इंजिनिअरच्या वाक्याकडे जरा बघा. त्याला शंका होती, ती त्याने मांडली, पण प्रश्नाच्या रूपात. आपण वरिष्ठांशी असंच बोलतो. ‘सर, जरा एकदा बघून घ्यायचं का?’ ऑफिसात आणि घरातल्या मोठ्यांसमोर हे सौजन्य असतं. ताशी अडीचशे किलोमीटरने धावणाऱ्या विमानात तेच सौजन्य ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची सोय करून देतं.

टेनेरिफनंतर रेडिओवरची भाषा बदलली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरतात. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७८मध्ये, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड या विमान कंपनीचं एक डीसी-८ विमान इंधन संपून पडलं. कॅप्टन चाकांच्या एका बिघाडात इतके गुंतले होते की विमान घिरट्या घालत राहिलं. इंधन घटतंय हे बाकीच्यांना माहीत होतं, पण ते पुरेशा जोराने सांगितलं गेलं नाही. दहा जण गेले. १९७९मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि त्यातून ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ नावाचं प्रशिक्षण आलं. त्यातलं शिक्षण थोडक्यात असं: कॅप्टनने विचारायला शिकायचं, कनिष्ठाने ठामपणे सांगायला शिकायचं, आणि दोघांनी ते सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा करून पाहायचं. अनेक जुन्या कॅप्टनांना हे म्हणजे अधिकाराला धक्का वाटला.

मग १९८९च्या जुलैत युनायटेडच्याच एका डीसी-१० विमानाचं शेपटातलं इंजिन फुटलं आणि विमान वळवणाऱ्या सगळ्या हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांमध्ये बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाला कॉकपिटमध्ये बोलावून घेतलं. चौघांनी मिळून, फक्त उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करून, विमान अमेरिकेतल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. विमान उतरताना मोडलं, ११२ जण गेले, पण १८४ वाचले. हेन्स पुढे जिथे बोलायला जात तिथे या प्रशिक्षणाला श्रेय देत.

आता आपल्या घराजवळ येऊ. २२ मे २०१०, दुबईहून मंगळूरला आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान. १६६ जणांपैकी १५८ गेले. चौकशी समितीचे अध्यक्ष होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. हा अहवाल मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात चुकीला एकटं उभं केलेलं नाही.

कॉकपिटचं सुमारे दोन तासांचं ध्वनिमुद्रण मिळालं. त्यातला पहिला दीड तासाहून अधिक काळ कॅप्टन झोपलेले होते. घोरण्याचा आवाज नोंदला गेला आहे. पहाटेची वेळ. रात्री दोन ते सकाळी सहा हा माणसाच्या शरीराचा सगळ्यात मंद काळ. गाढ झोपेतून उठलं की डोळे उघडतात, पण माणूस लगेच उठत नाही. डोक्यावर झोपेचा अंमल काही काळ राहतो आणि त्या काळात अंदाज चुकतात. रात्रीच्या एसटीतून पहाटे चुकीच्या स्टॉपवर उतरून मग भानावर आलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. कॅप्टन जागे झाले आणि थोड्याच वेळात उतरण्याची वेळ आली.

त्यात मंगळूरचं रडार बंद होतं. त्यामुळे विमानाला नेहमीपेक्षा उशिरा, म्हणजे विमानतळाच्या जास्त जवळ आल्यावर, खाली यायची परवानगी मिळाली. उतरण्याचं गणित बिघडलं आणि विमान हवं होतं त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर राहिलं. मग ते घाईने खाली आणलं गेलं. विमानातली यंत्रणा इशारे देत होती. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटलं, एकदा नव्हे, तीनदा. गो-अराउंड म्हणजे उतरणं सोडून द्यायचं, पुन्हा वर जायचं, फेरी मारून परत यायचं. विमान उतरत राहिलं. सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीपैकी ५,२०० फूट मागे पडल्यावर चाकं टेकली. ब्रेक आणि इंजिनांचा उलटा जोर लावल्यावर कॅप्टनने पुन्हा उडण्याचा प्रयत्न केला. मंगळूरची धावपट्टी डोंगरमाथ्यावर आहे. पुढे दरी.

सहवैमानिकाने तीनदा सांगितलं, मग स्वतः नियंत्रण हातात का घेतलं नाही? अहवालात याचं उत्तर आहे आणि मला वाटतं तो त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. सहवैमानिकाला गो-अराउंड सुरू करण्याचा अधिकार आहे की नाही, याबद्दलच्या लेखी सूचनांमध्येच संदिग्धता होती. म्हणजे ज्या माणसाला धोका दिसत होता, त्याच्या हाताला नियमाचा आधार नव्हता. तो घाबरट होता, असं म्हणून ही गोष्ट संपवता येत नाही. ‘साहेबांच्या हातातून स्टिअरिंग काढून घे’ असं ज्याला कुणी स्पष्ट शब्दांत सांगितलेलं नाही, तो आयुष्यात पहिल्यांदा ते नेमकं दरीच्या तोंडाशी करेल, ही अपेक्षा माणसाकडून करता येत नाही.

कॅप्टनच्या बाजूने पाहिलं तर तिथे आणखी एक जुना सापळा दिसतो. मी त्याला ‘आलोच’ची ओढ म्हणतो. धावपट्टी समोर दिसतेय, प्रवास संपत आलाय, आता कुठे परत फिरायचं! घाटात धुकं दाटलेलं असताना ‘दहा किलोमीटर तर राहिलंय’ म्हणून गाडी रेटणारे आपण सगळे हेच करतो. मुक्काम जितका जवळ, तितकं मन बेत बदलायला कमी तयार असतं.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोळिकोडला याचीच सावली पुन्हा पडली. तीही दुबईची फेरी, तीही डोंगरमाथ्यावरची धावपट्टी. पाऊस, मागून वारा, कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडलेला. पहिला प्रयत्न सोडला, दुसऱ्यात विमान जवळजवळ निम्मी धावपट्टी ओलांडून टेकलं. गो-अराउंडची सूचना दुर्लक्षिली गेली. १९० पैकी २१ जण गेले, त्यात दोन्ही वैमानिक. कॅप्टन मराठी होते, खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून हवाई दलात गेलेले, अतिशय अनुभवी. अहवालाने त्यांचा निर्णय चुकीचा ठरवलाच, पण त्याचबरोबर लिहिलं की दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी त्यांचं कोळिकोडला असणं आवश्यक होतं आणि तिथे कॅप्टन कमी होते. पावसातल्या त्या निर्णयावर दुसऱ्या सकाळच्या वेळापत्रकाचंही ओझं होतं. मला हे वाचताना त्रास झाला, अजूनही होतो.

यंत्रं हुशार झाली की हे सगळं सुटेल, असं वाटू शकतं. थोडं सुटलंही. पण हुशार यंत्राशी बोलतानाही गैरसमज होतात. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० विमान बंगळूरला धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं, ९२ जण गेले. हे विमान तेव्हा आपल्याकडे नवीन होतं. उतरताना संगणक अशा मोडमध्ये गेला होता की इंजिनं किमान जोरावर राहिली आणि वेग घटत गेला. लक्षात आलं तेव्हा इंजिनांना जोर धरायलाही वेळ उरला नव्हता. शेजारी शेजारी असलेल्या दोन बटणांपैकी चुकीचं फिरवलं गेलं असावं, ही शक्यता चौकशीत पुढे आली. चापानिसचे ते दोन दांडे आठवा. दोनच वर्षांनी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गजवळ त्याच जातीचं विमान डोंगरावर आदळलं. ३.३ अंशांचा उतार सांगायचा होता, संगणकाने मिनिटाला ३,३०० फूट घेतलं असावं, ही शक्यता चौकशीत पुढे आली. छोट्या खिडकीत एक आकडा ३.३ दिसायचा आणि दुसरा ३३. पुढे हा दुसरा आकडा पूर्ण चार अंकांत दाखवायला सुरुवात झाली.

२००९मध्ये अटलांटिकवर पडलेल्या एअर फ्रान्सच्या विमानाबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, म्हणून एकच तपशील सांगतो. बर्फाने वेगमापक नळ्या बंद झाल्या, ऑटोपायलट सुटला, आणि दचकलेल्या वैमानिकाने विमानाचं नाक वर ओढलं. पंखांनी आधार सोडल्याचा इशारा सत्तरहून अधिक वेळा वाजला. पण वेग फारच खाली गेला की तो आकडा अविश्वसनीय मानून संगणक इशारा बंद करायचा, आणि वैमानिकाने नाक खाली केलं, म्हणजे योग्य तेच केलं, की इशारा पुन्हा सुरू व्हायचा. बरोबर वागलं की ओरडा, चूक केली की शांतता. त्या चार मिनिटांत तिथे बसलेल्या माणसाने काय समजायचं?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी या सगळ्याचं एक चित्र मांडलं. सुरक्षेचा प्रत्येक थर म्हणजे भोकं असलेली चीजची चकती. मला आपली चाळण जवळची वाटते. एकावर एक अनेक चाळण्या ठेवा: रडार, नियम, विश्रांती, यंत्राची रचना, प्रशिक्षण, सहकारी, आणि शेवटी वैमानिक. एरवी खडा कुठल्या तरी चाळणीत अडकतो. कधीतरी सगळी भोकं एका रेषेत येतात. शेवटच्या चाळणीतून खडा पडताना आपल्याला दिसतो, म्हणून दोष तिलाच मिळतो.

विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या १३व्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं आहे की अपघाताची चौकशी दोष ठरवण्यासाठी नसून पुढचा अपघात टाळण्यासाठी आहे. तरी अहमदाबादच्या अपघातानंतर २०२५मध्ये आपण काय पाहिलं? तपास चालू असतानाच फोनाफोनीत आणि टीव्हीवर निकाल लागले, घरचं माणूस गेलेल्यांच्या दारात. याचं नुकसान फक्त त्या कुटुंबांचं होत नाही. चूक कबूल केली तर आपलंच नाव चव्हाट्यावर येणार, हे कळलं की वैमानिक तोंड मिटतात. अमेरिकेत १९७६पासून नासा एक नोंदणी चालवते. वैमानिक आपल्या आणि इतरांच्या चुका तिथे कळवतात, नाव गुप्त राहतं, आणि हेतुपुरस्सर नसलेली चूक वेळेत कळवली तर बहुतेक वेळा शिक्षेपासून संरक्षण मिळतं. ‘आज थोडक्यात वाचलो’ हे सांगणारा माणूस अपघाताच्या अहवालापेक्षा मोलाचा असतो, कारण तो अजून जिवंत असतो.

थकव्याचं तसंच. आपल्याकडे डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, वैमानिकांची साप्ताहिक सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा घातली. हे नियम पाळायला वैमानिक कमी पडले, डिसेंबर २०२५मध्ये उड्डाणं मोठ्या प्रमाणावर रद्द झाली, प्रवाशांचे अतोनात हाल झाले, आणि काही नियमांना तात्पुरती सूट द्यावी लागली. प्रवाशांचा संताप रास्त होता. पण वेळापत्रकात माणसं कमी असतील तर त्याची किंमत झोपेतून वसूल करता येत नाही, हे मंगळूरच्या ध्वनिमुद्रणावर ऐकू येतं.

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत उतरताना कधीतरी तुमच्या बाबतीतही हे होईल. खाली झोपडपट्टीचे निळे पत्रे दिसतायत, धावपट्टी आता आलीच, आणि एकदम इंजिनं गरजतात, पाठ सीटला दाबली जाते, विमान पुन्हा ढगात शिरतं. शेजारचा माणूस घाबरून हात घट्ट धरेल, कुणीतरी चिडून घड्याळाकडे बघेल. अशा वेळी काय चाललं असतं ते सांगतो. जमिनीपासून १,००० फुटांवर, हवा स्वच्छ असेल तर ५०० फुटांवर, विमानाचा वेग, उतार, चाकं, फ्लॅप सगळं ठरल्याप्रमाणे असावं लागतं. त्यातलं एखादं नव्हतं, किंवा वारा फिरला, किंवा पुढचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नव्हतं. दोघांपैकी एकाने, कदाचित वयाने आणि हुद्द्याने लहान असलेल्याने, ‘गो-अराउंड’ म्हटलं. आज बऱ्याच कंपन्यांत या निर्णयाबद्दल वैमानिकाला दोष न देण्याचं धोरण आहे. आता चाकं आत जातील, विमान ठरलेल्या उंचीवर जाईल, टॉवर त्याला पुन्हा रांगेत घेईल. आतले दोघं काही मिनिटं कामात असतील, म्हणून घोषणा थोडी उशिरा येईल. साधारण पंधरा-वीस मिनिटांत तेच निळे पत्रे पुन्हा खिडकीखाली येतील.